पाच हजारांचा पांढरा चेहरा आणि आमचा वेल्डर

पूर्ण डोक्यावरून घालायचा लॅटेक्सचा मुखवटा. १९७८ च्या 'हॅलोविन' चित्रपटातल्या खुन्याच्या मुखवट्याची प्रतिकृती म्हणून विकला जातो. मला घरपोच ५,४०० रुपयांना पडला. गेले सहा महिने आमच्याकडे आहे. तालमीत वापरला, कॅमेऱ्यासमोर वापरला, सांगलीचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याने बघितले, म्हणून आता लिहिते.

आधी कशासाठी घेतला ते सांगते. मी सतरा वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते. दिवसा पतसंस्थेत कॅशला, संध्याकाळी डिमरवर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या उपकरणावर. माझ्या भाच्याने यंदा एक स्लॅशर गोष्ट लिहिली, म्हणजे एक खुनी एकेकाला संपवत जातो तशी, लघुपटासाठी. बंद हंगामातला साखर कारखाना, ओव्हरहॉलिंगला थांबलेली आठ माणसं, आणि रोज रात्री त्यातलं एक कमी. गोष्ट चांगली होती. पण खुन्याच्या तोंडावर काय घालायचं हे त्याला ठरवता येईना. वहीत अकरा चित्रं काढलेली. कुठे शिंगं, कुठे कवटी, कुठे ओठांना टाके, कुठे डोळ्यांतून रक्त. "मावशी, यातला कुठला जास्त भीतीदायक?" मला एकही वाटला नाही. का नाही, हे तोंडी सांगून त्याला पटलं नसतं. मुखवटा हातात घेऊन, त्याच्यावर लाइट टाकूनच ते कळतं. म्हणून हा मागवला.

खोकं उघडलं की पहिल्यांदा वास येतो, सायकलच्या नव्या ट्यूबचा. चार दिवस खिडकीत सावलीला ठेवल्यावर तो कमी झाला, पूर्ण गेला नाही. आतून पांढरी पावडर लावलेली असते, ती पुसू नका, तिच्यामुळेच आतले पदर एकमेकांना चिकटत नाहीत. रबर गालाशी जाड आणि मानेशी पातळ आहे. केस कृत्रिम, तपकिरी, मागे विस्कटलेले. रंग दुकानातल्या फोटोत दुधासारखा पांढरा दिसतो, प्रत्यक्षात किंचित राखाडी आहे, आणि तो तसाच हवा. कोरा पांढरा कॅमेऱ्यात जळतो. नाक, गाल, ओठ सगळं सपाट होऊन कागदाची थाळी दिसायला लागते. इथे ज्याने रंग दिला त्याला काम कळतं.

मग एका रविवारी तालमीच्या हॉलची दारं-खिडक्या बंद करून आम्ही तो लावून बघितला. भाचा आत, मी डिमरवर. पुढून पूर्ण लाइट टाकला तर काहीच झालं नाही. रबराचा मुखवटा घातलेला मुलगा, बस. खालून टाकला तर जत्रेतल्या भुताच्या खोलीसारखं वाटलं. मग पुढचं सगळं बंद करून डाव्या विंगेतून एकच हॅलोजन, चार फुटांवरून, डिमर शून्यावर. तिथून अगदी सावकाश वर. पहिल्यांदा कपाळाची कड दिसली. मग गालाचं हाड. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे तसेच राहिले, लाइट कितीही वाढवला तरी भरेनात. भाचा हललासुद्धा नव्हता. आमचा ऑपरेटर मुलगा, जो एरवी तालमीत मोबाइल खाली ठेवत नाही, तो उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

हा माझा शोध नाही. त्या चित्रपटात नायिका दाराशी टेकून श्वास घेत असते आणि तिच्या मागच्या अंधारातून तो चेहरा हळूहळू वर येतो. छायालेखक डीन कंडी यांनी तिथे एक लहानसा लाइट डिमरवर घेऊन चढवत नेला होता. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या भीतीच्या क्षणांपैकी एक, आणि तो माझ्या बोटाखाली असलेल्या त्याच उपकरणाने केलेला.

मूळ मुखवट्याची गोष्ट भाच्याला तेव्हाच सांगितली, कारण त्याच्या वहीतल्या अकरा चित्रांना तेच उत्तर होतं. चित्रपटाचं बजेट तुटपुंजं. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी हॉलिवूडमधल्या एका दुकानातून 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा तयार मुखवटा आणला, दोन डॉलरच्या आत. भुवया काढल्या, कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा स्प्रे मारला आणि केसांचं रूप बदललं. एक विदूषकाचा मुखवटाही समोर होता. तो भयानक होताच, पण वेडा माणूस म्हणून लगेच ओळखू येत होता. ओळखीच्या चेहऱ्यातून सगळं पुसून टाकलेला हा पांढरा मात्र ओळखू येईना. तोच ठेवला. पटकथेत त्या पात्राला मुखवट्याआड 'द शेप' एवढंच म्हटलंय. आकृती. माणूसही नाही.

भाच्याने शिंगं जोडली होती, टाके जोडले होते, रक्त जोडलं होतं. इथे एकेक गोष्ट काढत नेलीय. भुवई काढली की राग गेला, आश्चर्य गेलं, दुःख गेलं. समोरचा काय करणार याचा अंदाज आपण भुवयांवरून आणि डोळ्यांवरून घेतो. इथे तो घ्यायला जागाच नाही.

आपल्याकडे उलट आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवात, देव-दानवांचे मुखवटे बघा. मोठे डोळे, ठसठशीत रंग, माथ्यावर मुकुट. संबळ वाजते, सोंग नाचत येतं, आणि लांबूनच लेकरालाही कळतं की कोण आलं. तो मुखवटा ओळख सांगायला असतो. भाच्याची चित्रं त्या वळणाची होती, आणि त्यात वाईट काहीच नाही, पण स्लॅशरचं काम त्याने होत नाही. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे: मुखवटा अर्धं काम करतो, उरलेलं अंगाने करायचं असतं. 'हॅलोविन'मध्ये बहुतेक प्रसंगांत निक कॅसल आत होते, आणि त्यांची ती न घाई, न ढिलाई अशी चाल मुखवट्याइतकीच लक्षात राहते. आमच्या रविवारच्या तालमीत भाचा हात वर करून गुरगुरत चालला आणि पाच हजारांचा चेहरा पाच रुपयांचा झाला. मग त्याला म्हटलं, घरात पाणी प्यायला चाललायस तसा चाल. परत सगळे गप्प.

आता तक्रारी. डावं डोळ्याचं भोक उजव्यापेक्षा लहान आणि कडेला तिरकं कापलेलं आलं. विक्रेत्याला फोटोसकट तीन मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी बारीक वाकड्या कात्रीने मीच कापून बरोबर केलं. लॅटेक्स कापताना सरळ टोकदार चीर राहू देऊ नका, तिथूनच पुढे फाटत जातं, कड गोल ठेवा. कानामागून मानेपर्यंत साच्याचा सांधा उठून दिसतो. पाठीमागून लाइट देणार असाल तर तो लपत नाही, केस त्यावर ओढून घ्यावे लागतात. केस गळतात, पहिल्या महिन्यात जास्त.

आत उकडतं म्हणजे फारच उकडतं. मे महिन्यात भाचा सात-आठ मिनिटांवर टिकला नाही. नाकपुड्यांची भोकं नावापुरती आहेत. बाजूचं काही दिसत नाही, पायाखालचं तर अजिबात नाही. म्हणून जिना, पळापळ आणि हातात खरं हत्यार, या तिन्ही गोष्टी हा घालून करू देऊ नका. आम्ही प्रत्येक शॉटला एक मुलगा कॅमेऱ्याबाहेर भाच्याच्या बाजूला उभा केला होता. रबराची ॲलर्जी असणाऱ्याने तर हातच लावू नये. आणि एक अनपेक्षित फायदा: आत श्वासाचा आवाज घुमतो. छोटा माइक आत चिकटवून आम्ही तो घेतला. ते रेकॉर्डिंग मला मुखवट्याइतकंच मोलाचं वाटतं.

निगा सोपी आहे, पण चुकवून चालत नाही. ऊन आणि तेल हे लॅटेक्सचे वैरी. वापरून झाला की आतून ओल्या फडक्याने पुसायचा, सावलीत वाळवायचा, टाल्कम पावडर लावायची आणि आत कागदाचे बोळे भरून डोक्याच्या आकारात ठेवायचा. घडी घातली तर ती कायमची. १९७८ चाच मुखवटा १९८१ च्या दुसऱ्या भागात पुन्हा वापरला, पण तोवर रंग पिवळट पडला होता आणि आतला माणूसही वेगळा होता, डिक वॉरलॉक. तोच मुखवटा, पण चेहरा दुसराच दिसतो. दोन भाग लागोपाठ बघा, लगेच डोळ्यांत भरतं.

मग हाच मुखवटा भाच्याच्या खुन्याला घालायचा का? नाही. ज्याने बघितलाय तो ओळखणार आणि आमची गोष्ट विसरून त्या गोष्टीत जाणार. आणि साखर कारखान्यात हा चेहरा आला कुठून, याला उत्तर नाही. गाजलेले मुखवटे बहुतेक कुठल्या ना कुठल्या दुकानात, घरात, मैदानावर पडलेल्या वस्तू होत्या. 'फ्रायडे द थर्टीन्थ' चित्रपटांतल्या खुनी जेसनला आइस हॉकीच्या गोलकीपरचा मुखवटा मिळाला तो १९८२ च्या तिसऱ्या भागात. त्याआधी १९८१ मध्ये त्याच्या डोक्यावर एका डोळ्याचं भोक पाडलेली पिशवी होती. ती आज कितीजणांना आठवते? 'स्क्रीम'चा लांबट रडका चेहरा १९९६ चा, तो 'फन वर्ल्ड' कंपनीचा बाजारात मिळणारा मुखवटा होता आणि जागा शोधायला गेलेल्या मंडळींना एका घरात सापडला. तो कुणालाही विकत घेता येतो, म्हणून आत कुणीही असू शकतं, आणि त्या चित्रपटाची सगळी गंमत त्यावरच उभी आहे. मुखवटा गोष्टीच्या पोटातून आला पाहिजे, मी भाच्याला म्हटलं. तुझ्या कारखान्यात तोंड झाकून कोण काम करतं?

तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "वेल्डर."

गाळपात उसाने रोलरचे दाते गुळगुळीत होतात, ऊस पकडेनासे होतात. मग चालू मिलवर वेल्डर उभा राहून त्या दात्यांवर वेल्डिंगचे थेंब टाकत जातो, आर्किंग म्हणतात त्याला. भाच्याचे वडील त्याच कामात होते, त्यामुळे हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. अकरा चित्रांत त्यातलं एकही आलं नव्हतं. भंगार बाजारातून वेल्डिंगचं जुनं हेल्मेट २५० रुपयांना आणलं. काळं, ठिणग्यांनी डागाळलेलं, पुढे एक चौकोनी काच आणि बाकी काही नाही. नाक नाही, तोंड नाही. लहान मुलानेही दोन रेघांत काढावं इतकं सोपं.

घालून बघितलं तेव्हा खरी गोष्ट सापडली. त्या काळ्या काचेतून आर्क पेटल्याशिवाय काहीच दिसत नाही. काच खाली असताना तो खुनी आंधळा असतो, तो ऐकतो. पत्र्यावरचं पाऊल, चप्पलेचा आवाज, दाबून धरलेला श्वास. आणि दिसायला हवं असेल तेव्हा त्याला ठिणगी पाडावी लागते. भाच्याने वहीतलं खुन्याच्या बालपणाचं दोन पानी प्रकरण स्वतःहून फाडलं आणि हे एवढंच लिहिलं. शूटिंगसाठी अर्थात आम्ही काच काढून धुरकट ॲक्रिलिक बसवलं, आतल्या मुलाला वाट दिसायलाच हवी.

तर पांढऱ्या मुखवट्याला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. नाटक किंवा लघुपट करणाऱ्या ग्रुपने वर्गणी काढून एक घ्यावा, लाइट शिकायला आणि आपला खुनी शोधायला. एका रात्रीच्या पार्टीसाठी एवढे पैसे घालू नका. मागवलाच तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि डोळ्यांची भोकं आधी तपासा.

हेल्मेटची चाचणी परवा झाली. तोच हॉल, तोच हॅलोजन, डिमर शून्यावर. वर नेत गेले तर हेल्मेट अंधारातच राहिलं, काळ्यावर काळं, मला वाटलं फसलं. मग नायिकेचं काम करणारी मुलगी हातात टॉर्च घेऊन दोन पावलं पुढे आली, आणि त्या चौकोनी काचेत पहिल्यांदा तिची टॉर्च दिसली, आणि मग टॉर्चच्या मागे तिचा स्वतःचा चेहरा.