वेब सर्व्हिसेस शिकवताना सोपयूआय: वापरानंतरचा अनुभव

मागच्या जुलैपासून एमसीएच्या मुलांना सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर (एसओए, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हिसेस जोडून सॉफ्टवेअर उभारायची पद्धत) शिकवताना मी वेब सर्व्हिसेस तपासायच्या सोपयूआय या साधनाची मोफत, ओपन सोर्स आवृत्ती वापरतेय. प्रॅक्टिकल परीक्षा आता उरकल्या आहेत, म्हणून हा विषय शिकवणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते. कोड लिहायच्या आधी मुलांना दोन सर्व्हिसेसमधला निरोप आणि त्यामागचा करार डोळ्यांनी दिसायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्या कामाला याच्याइतकं सोयीचं साधन मला दुसरं मिळालं नाही.

आधी आम्ही आयडीईच्या, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, विझार्डपासून सुरुवात करायचो. राइट क्लिक केलं की क्लासची सर्व्हिस तयार. मुलांना बटणं पाठ व्हायची, पण तारेवरून नेमकं काय गेलं हे विचारलं की वर्ग गप्प. शिवाय 2018 मध्ये जावा 11 आलं आणि त्यातून जॅक्स-डब्ल्यूएस (जावात वेब सर्व्हिसेस लिहायची सोय) काढून टाकलं गेलं. जुन्या मॅन्युअलमधली डब्ल्यूएसइम्पोर्टची, म्हणजे सर्व्हिसच्या करारावरून जावाचा कोड बनवणारी, कमांड नव्या जेडीकेसोबत (जावाच्या डेव्हलपमेंट किटसोबत) येतच नाही.

आता पहिल्याच प्रॅक्टिकलला युरोपियन कमिशनची व्हॅट क्रमांक तपासायची सर्व्हिस घेते. ती सोपवर, म्हणजे एक्सएमएल या टॅगवाल्या साच्यात निरोप पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीवर, चालते आणि तिचं डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचा करार लिहिलेली फाइल) सगळ्यांना खुलं आहे. पत्ता टाकला की डावीकडे ऑपरेशन्सची यादी उलगडते आणि रिक्वेस्टचा सांगाडा आयता तयार होतो. भरायच्या माहितीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतात. मुलं ती तशीच पाठवतात आणि उत्तरात फॉल्ट, म्हणजे चूक कळवणारा निरोप, येतो. मी मुद्दाम आधी सांगत नाही. एन्व्हलप (निरोपाचं पाकीट), बॉडी (आतला मजकूर), फॉल्ट हे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी पाहिलेले असतात, त्यामुळे नंतरचं व्याख्यान निम्म्या वेळात होतं. रॉ टॅब उघडला की एचटीटीपीचे हेडरही दिसतात; सोप 1.1 आणि 1.2 यांचा कंटेंट टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर) वेगळा असतो, हे तिथेच दाखवून मोकळी होते.

सगळ्यात जास्त शिकवून गेला तो एक स्लॅश. एका गटाची रिक्वेस्ट अक्षरन् अक्षर बरोबर दिसत होती, तरी सर्व्हिस ती घेईना. एडिटरमध्ये राइट क्लिक करून व्हॅलिडेट केलं, तर स्कीमाला (एक्सएमएलच्या रचनेच्या नियमांना) तो एलिमेंट ओळखीचाच नव्हता. शोधता शोधता सापडलं: नेमस्पेसच्या (एलिमेंटचं नाव कुठल्या गटातलं हे सांगणाऱ्या ओळखीच्या) शेवटी डब्ल्यूएसडीएलमध्ये स्लॅश होता, यांच्या रिक्वेस्टमध्ये नव्हता. नेमस्पेस दिसतो वेब पत्त्यासारखा, पण तो उघडून कोणी बघत नाही. फक्त अक्षरं जुळवली जातात. हे मी दरवर्षी सांगत आलेय. त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

पण माझ्या मते याचा खरा जीव मॉक सर्व्हिसमध्ये आहे. डब्ल्यूएसडीएल दिलं की खोटी सर्व्हिस लोकल मशीनवर उभी राहते, नेटची गरज नाही. लॅबचं नेट केव्हाही जातं अशा ठिकाणी हीच गोष्ट पुरेशी आहे. मी बॅचचे जोडगट पाडते: एक गट ग्रंथालयाची सर्व्हिस लिहितो, दुसरा तिचा क्लायंट. दोघांच्या हातात पहिल्या दिवशी फक्त करार. क्लायंटवाले मॉकवर काम सुरू करतात, सर्व्हिसवाल्यांची वाट बघत बसत नाहीत. मॉकमध्ये ग्रूव्ही या स्क्रिप्ट भाषेची एक ओळ टाकून उत्तर मुद्दाम उशिरा देता येतं. मग टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) न लावलेला क्लायंट सगळ्यांसमोर अडकून बसतो. समोरची सर्व्हिस आपल्या ताब्यात नाही ही जाणीव इथे होते आणि एसओएच्या निम्म्या गोष्टी त्या जाणिवेतून येतात.

अडचणीही आहेत. पूर्ण प्रोजेक्ट एकाच एक्सएमएल फाइलमध्ये साठतो, त्यामुळे चौघांनी गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावर) मिळून काम केलं की सगळ्यांचे बदल एकत्र, म्हणजे मर्ज, करताना जीव मेटाकुटीला येतो. फाइल एकाच्याच ताब्यात द्यावी. दिसायला जुन्या वळणाचं आहे. कमी रॅमच्या मशीनवर सोबत एक्लिप्स आणि ब्राउझर उघडू नका. नुसतं रेस्ट (सोपशिवाय, थेट एचटीटीपीवरून सर्व्हिस वापरायची पद्धत) शिकवायचं असेल तर मुलं पोस्टमन या साधनावर जास्त रमतात, मी अडवत नाही.

एका गैरसमजावर मात्र साधन उपयोगी पडत नाही, तिथे शिक्षकालाच उभं राहावं लागतं: एक्सएमएल म्हणजे सोप आणि जेसन (माहिती लिहायचा दुसरा साचा) म्हणजे रेस्ट. मी आधारच्या ऑथेंटिकेशन एपीआयचं उदाहरण देते. तिथे एचटीटीपीएसवरून एक्सएमएल जातं, पण सोपचं एन्व्हलप नसतं. तसंच, कुठल्या कामाची सर्व्हिस वेगळी काढायची आणि कुठलं काम एकत्र ठेवायचं, हे सोपयूआय शिकवत नाही. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन कॉलेजची प्रवेशप्रक्रिया मांडायला लावते. फी, वसतिगृह, परीक्षा विभाग यांत विद्यार्थ्याचा पत्ता कोणाच्या मालकीचा, यावर तासभर वाद होतो आणि तो तास मी कधीच आवरता घेत नाही.

पुढच्या सेमिस्टरला डब्ल्यूएसडीएल मुलांनीच आधी हाताने लिहायचं, विझार्ड नंतर, असा क्रम लावणार आहे. कोणी हे साधन एसओएच्या लॅबसाठी घेत असेल तर मॉक सर्व्हिस पहिल्या दोन आठवड्यांत शिकवा, शेवटच्या प्रॅक्टिकलसाठी राखून ठेवू नका.