'वहिनी, जय हिंद' म्हणणाऱ्या एजंटपासून सावध राहा

पोस्टिंगचा सीझन आला की गाडी हलवून देणारे एजंट मुंबईत कुठून उगवतात देव जाणे. आमचे हे फौजेत, यंदा जैसलमेरला बदलीची ऑर्डर आली. हे पुढे जॉइन व्हायला गेले, मुलांच्या परीक्षा म्हणून मी मागे राहिले आणि गाडीचं सगळं माझ्या गळ्यात पडलं. आधी थोडे घ्यायचे, मग गाडी अडकवून अजून काढायचे, ही या धंद्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही होती. तरी 79,000 रुपये गेले.

आकडे लपवत नाही. एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र, 9,500. चार टायर 16,800. ऊन अडवणारी फिल्म 7,500. ट्रेलरचं भाडं 21,000. 'रिफंडेबल' ट्रान्झिट इन्शुरन्स 6,200. आणि गाडी निघाल्यावर 'राजस्थान एन्ट्री टॅक्स' 18,000.

माणूस मराठी, वागायला नम्र. फोन उचलला की पहिलं वाक्य, "वहिनी, जय हिंद." स्वतः रिटायर्ड फौजी म्हणून सांगायचा. कोणत्या युनिटमध्ये होतात विचारलं की म्हणायचा, "जाऊ द्या वहिनी, जुन्या गोष्टी." मला तो साधेपणा वाटला. कुणालाही वाटला असता.

भीती घालायला मात्र पक्का. "राजस्थानात एमएचची पाटी दिसली की गाडी सरळ जमा." यातलं निम्मं खरं असतं म्हणून तर पटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. पण म्हणजे गाडी पोहोचल्या पोहोचल्या कुणी उचलून नेत नाही. मी बीएच सिरीजचं, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या नंबरचं, विचारलं तर म्हणाला, ती फक्त नव्या गाड्यांना. साफ खोटं. 2021 मध्ये सुरू झाली तेव्हा तसं होतं, डिसेंबर 2022 पासून आधी नोंदलेली गाडीही बीएचमध्ये घेता येते, आणि सेवेतल्या फौजींना ती मिळते. पण ते सांगितलं असतं तर एनओसी कुणाला विकली असती?

आता टायरचं. हे लिहिताना अजून अंगाचा तिळपापड होतो. दुकानात गाडी जॅकवर होती, मी टायरजवळ उकिडवी बसले होते. बाजूच्या रबरावर डीओटी लिहिलेलं, शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे, 2817. काळं पॉलिश इतकं ताजं की बोटाला लागलं. मी विचारलंसुद्धा, हे 2817 काय? त्यानं दुकानदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बॅच नंबर आहे वहिनी." बॅच नंबर! 28वा आठवडा, साल 2017. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या बोटाखाली होतं ते. पण दुकानदार मान हलवत होता आणि माझ्या हातात टायर कंपनीचं छापील वॉरंटी कार्ड होतं. यांना विचारावं तर हे फायरिंग रेंजवर, फोन बंद. बाईमाणसानं टायरचा जन्मदाखला वाचायचा कुठे शिकायचा होता?

नवे टायर घेताना ते चार आकडे आधी वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ज्या भागात, राजस्थानातल्या फलोदीला, 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदलं गेलं, तिथल्या डांबरावर वाळलेल्या रबराचे टायर हायवेला फुटले तर काय होईल, याचा विचार करून माझी झोप उडाली.

फिल्म लावताना म्हणाला, फौजींना वाळवंटात चालते, वर 'आर्मी'चं स्टिकर फुकट चिकटवून दिलं. गाडी पोहोचल्यावर पहिल्याच नाकाबंदीत पोलिसांनी फिल्म खरवडायला लावली, वर दंड. काचेवर फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच मनाई केली आहे. फौजींना वेगळी सवलत नाही.

एन्ट्री टॅक्सचा फोन आला तेव्हा गाडी ट्रेलरवर चढून गेलेली. "वहिनी, बॉर्डरवर अडकलीय, 18,000 टाका, नाहीतर रोजचं डिमरेज." म्हणजे गाडी अडून राहिल्याचा दंड. एन्ट्री टॅक्स जीएसटी आल्यावर बंद झाला, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात होती. तुम्ही काय केलं असतं? पैसे एका बाईच्या नावाच्या क्यूआरवर गेले. फर्मचं नाव पुरुषाचं, क्यूआर बाईचा. तेव्हाच फोन ठेवायचा.

बिलसुद्धा तसंच. यांना बदलीच्या खर्चाच्या क्लेमसाठी बिल हवं होतं. त्यावरचा जीएसटी नंबर मोजा, 15 अक्षरं हवीत, यात 14. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर 27 पासून सुरू होतो, याचा 29. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की फर्म खरी की खोटी लगेच दिसतं. आणि एनओसी? जैसलमेरच्या आरटीओत दाखवली तर कळलं, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदच नाही. रंगीत प्रिंटवर रबरी शिक्का. टायरचं बिंग यांच्या युनिटच्या एमटीतल्या, म्हणजे गाड्यांच्या विभागातल्या, हवालदारानं फोडलं, नुसतं वाकून बघून.

मग सुरू झाली सरकारी दारं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या हातानं पैसे पाठवलेत ना? मग हा दिवाणी मामला." दुसऱ्या टेबलावर सांगितलं, एजंटचं गोडाऊन भिवंडीत म्हणजे आमची हद्द नाही. भिवंडीकडचे म्हणे, पैसे मुंबईतून गेले, मुंबईत जा. नवा बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार घ्यावीच लागते. मी कलम सांगितलं तर "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण तोवर पैसे खात्यातून पुढे सरकलेले. पैसे गेले त्या तासातच 1930 ला फोन करा, मी उशिरा केला कारण गाडी हातात येईपर्यंत त्याला दुखवायची भीती होती. आमच्या आरटीओत तर कमालच. "एजंटकडे गेलातच कशाला?" हे विचारणाऱ्या खिडकीसमोर 'एजंटांपासून सावध' असा बोर्ड, आणि बोर्डाखाली फाइली घेऊन चार एजंट, आतल्या साहेबांना नावानं हाका मारणारे. कुणाची तक्रार कुणाकडे करायची?

एनओसीचं काम तसं अवघडही नाही, हे कळल्यावर जास्त संताप आला. फॉर्म 28, चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र. अर्जाची पोच घ्या, कारण 30 दिवसांत आरटीओनं काहीच कळवलं नाही तर कलम 48 प्रमाणे एनओसी मिळाल्याचं धरलं जातं. ही ओळ मला त्या खिडकीवर कुणीच सांगितली नाही.

टायरचं अजून एक. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. दुपारी तापून वाढली म्हणून सोडायची नाही.

टायर आम्ही जोधपूरहून बदलून घेतले, 19,600 रुपये, आठवडा-साल वाचून. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार आहे, आता ग्राहक आयोगात अर्ज करतेय. त्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर अजून तिरंग्याचा डीपी आहे, आणि स्टेटसला परवा कुणाची तरी पांढरी गाडी ट्रेलरवर चढताना दिसली.