मोफत रॉक कॉन्सर्ट: ग्रुप घेऊन बॅरिकेडला जायचं की साउंड डेस्कमागे उभं राहायचं?

मोकळ्या मैदानावर मोफत कॉन्सर्ट आहे, आवडता बँड सगळ्यात शेवटी वाजवणार आहे, यायचं सगळ्यांचं पक्कं झालंय. आता वाद एकाच गोष्टीवरून होतो. काहींचं म्हणणं, गेट उघडायच्या आधी पोहोचू आणि बॅरिकेड, म्हणजे स्टेजसमोरचा गर्दी अडवणारा कठडा, धरू. बाकीच्यांचं म्हणणं, उन्हं उतरल्यावर आरामात जाऊ आणि मागे साउंड डेस्कपाशी, म्हणजे गर्दीच्या मध्ये जिथून इंजिनियर आवाज सांभाळतो तिथे, उभं राहू. तिकिटाच्या कॉन्सर्टमध्ये हा वाद आधीच मिटलेला असतो, कारण जागा पैशांनी ठरते. इथे ती वेळेने आणि अंगमेहनतीने ठरते. मी दोन्हीकडे उभा राहिलोय आणि दोन्ही जागांवर माझा जीव आहे. तरीही मित्रांसोबत जाणाऱ्याला माझा कल स्पष्ट सांगेन: मुख्य बँडच्या वेळी साउंड डेस्क. का, ते सांगतो; आणि बॅरिकेड कधी सोडू नये, तेही.

आधी गर्दीचं

मोफत कॉन्सर्टला किती लोक येतील हे कुणालाच नेमकं माहीत नसतं. लंडनच्या हाइड पार्कमध्ये 5 जुलै 1969 ला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडने मोफत कार्यक्रम केला. त्या गर्दीचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर 28 सप्टेंबर 1991 ला एसी/डीसी, मेटॅलिका आणि पँटेरा वाजवून गेले, तिथले आकडे तर काही लाखांपासून सोळा लाखांपर्यंत सांगितले जातात. तिकीट नसलं की मोजणी नाही आणि मोजणी नसली की 'हाउसफुल' म्हणून गेट बंद करणंही अवघड. बाहेरून येणारा प्रत्येक जण पुढे सरकायला बघतो आणि तो सगळा दाब शेवटी बॅरिकेडवर येऊन थांबतो.

म्हणून बॅरिकेडचा विचार करताना पहिला प्रश्न 'किती जवळून दिसेल' हा नसावा, 'किती दाटी होईल' हा असावा. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर हात हलतात, मागे वळता येतं. सहा-सातच्या पुढे गेलं की आपण आपल्या पायांवर चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि पुढच्यांना सरकायला जागाच नसते. डेन्मार्कच्या रॉसकिल्डे महोत्सवात 30 जून 2000 ला पर्ल जॅम वाजवत असताना स्टेजसमोरच्या चेंगराचेंगरीत नऊ तरुणांचा जीव गेला. तो महोत्सव तिकिटाचा होता, आयोजक अनुभवी होते, बँडने वाजवणं थांबवून लोकांना मागे सरकायला सांगितलं होतं. नंतर तिथे स्टेजसमोरची जागा वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून प्रत्येक कप्प्यात ठरावीक माणसंच सोडायची पद्धत आली. तुम्ही जाताय त्या मैदानावर असे कप्पे, आडवे-उभे कठडे आणि स्टेज व बॅरिकेड यांच्यामध्ये सुरक्षारक्षकांना फिरता येईल अशी मोकळी पट्टी दिसली तर पुढे जाण्याचा विचार करायला हरकत नाही. हे काहीच नसेल, तर माझं उत्तर सरळ 'नाही' आहे, बँड कुठलाही असो.

कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँटला 6 डिसेंबर 1969 ला झालेली मोफत कॉन्सर्ट आठवावी. सुमारे तीन लाख लोक, जागा ऐनवेळी बदललेली, आणि स्टेज जेमतेम मीटरभर उंच. आधीच्या जागी ते चढावर उभं राहणार होतं, इथे उताराच्या पायथ्याशी आलं. त्यामुळे मागची सगळी गर्दी घसरत स्टेजला भिडली. तिथल्या मारहाणीबद्दल आणि एका तरुणाच्या खुनाबद्दल खूप लिहिलं गेलंय. पण बसकं स्टेज आणि त्याकडे उतरणारी जमीन यांची भूमिका मला फार मोठी वाटते. मैदानावर पोहोचलात की जमिनीचा उतार कुठे आहे ते एकदा बघाच.

अडकलातच तर हात खाली ठेवू नका. बॉक्सर धरतो तसे छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. धक्क्याला विरोध करू नका. लाट ओसरली की तिरपं, कडेच्या दिशेने एकेक पाऊल टाका. शेजारी कुणी पडलं तर सगळं सोडून त्याला उचला. हा मॉश पिटचा, म्हणजे गर्दीत एकमेकांना धडका देत नाचायच्या जागेचा, पहिला नियम आहे आणि चांगल्या पिटमध्ये तो न सांगता पाळला जातो.

ऐकायला कुठे चांगलं?

बॅरिकेडवाल्यांना हे ऐकून वाईट वाटतं, पण गाणं ऐकायचं असेल तर सगळ्यात पुढची जागा चांगली नाही. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख बराचसा तुमच्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे असतो. पुढच्या रांगांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात, तेवढाच आधार. सबवूफर, म्हणजे खालच्या जाड आवाजाचे मोठे स्पीकर, मात्र बहुतेक वेळा जमिनीवर, तुमच्या अगदी समोर. शिवाय ड्रम आणि गिटारचे अँप (गिटारचा आवाज वाढवणारे स्टेजवरचे स्पीकर) यांचा थेट आवाज येतो तो वेगळाच. परिणाम असा की बेस ड्रम बरगड्यांत जाणवतो, समोरचा गिटारिस्ट कानात घुसतो आणि गायकाचे शब्द मध्येच गळतात. डाव्या कोपऱ्यात असाल तर उजवीकडच्या गिटारिस्टचा सोलो बोटांत दिसतो, पण अर्धामुर्धाच ऐकू येतो.

साउंड डेस्कपाशी उलट. जो इंजिनियर सगळ्यांचा आवाज जुळवतो तो तिथे उभा असतो, त्याच्या कानाला जे बरोबर लागतं तेच तो मैदानाला देतो. त्याच्यापासून दोन-चार हातांवर उभं राहिलात की त्याने जे ऐकून ठरवलं तेच तुम्ही ऐकताय. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे चाहते कॉन्सर्ट टेपवर रेकॉर्ड करायचे, तेव्हा ते डेस्कच्या अगदी पुढची जागा पकडत. त्यांच्या माइकच्या उंच काठ्यांनी इंजिनियरला स्टेज दिसेना, म्हणून 1984 मध्ये बँडने त्यांना डेस्कच्या मागे वेगळी जागाच नेमून दिली. ज्यांना घरी नेऊन तीच कॉन्सर्ट पुन्हा पुन्हा ऐकायची होती त्यांनी कुठली जागा निवडली, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे.

फार मागे मात्र जाऊ नका. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंदाने येतो. आणखी मागे झांजांची चमक हवेतच विरते आणि वाऱ्याची झुळूक आली की गाणं जवळ-लांब होत राहतं. मोठ्या मैदानांत यावर उपाय म्हणून मध्ये मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात, म्हणजे स्टेजवरून येणाऱ्या आवाजाशी तो जुळतो. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर 18 फेब्रुवारी 2006 ला रोलिंग स्टोन्ससाठी दहा लाखांहून जास्त लोक जमल्याचा अंदाज आहे. वाळूवर दूरवर मनोरे आणि पडदे नसते तर त्यातल्या बहुतेकांपर्यंत फक्त समुद्राचा आवाज पोहोचला असता. मनोरे नसतील तर डेस्कच्या मागे थोडंच अंतर, त्यापलीकडे नको.

कानांचं गणितही डेस्कच्याच बाजूने झुकतं. 85 डेसिबल आवाज आठ तास ऐकणं ही नोकरीच्या ठिकाणी सुरक्षित धरलेली मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये स्पीकरसमोर शंभरी सहज ओलांडली जाते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलपर्यंत उतरतो. इयरप्लग मात्र दोन्हीकडे घाला. संगीतासाठी बनवलेले प्लग जाड-बारीक सगळे आवाज सारखेच कमी करतात, गाणं दबलेलं वाटत नाही. कान शिट्टी वाजवायला लागले की ते 'मजा आली'चं लक्षण समजू नका, ती इजा आहे.

मग बॅरिकेडला आहे तरी काय?

खूप काही आहे. बेसिस्ट मान वर करून बघतो तेव्हा तो तुमच्याकडेच बघत असतो. गिटारिस्ट सोलोच्या आधी कुठलं पेडल दाबतो ते दिसतं, गायक दोन ओळींच्या मध्ये श्वास कसा चोरतो ते दिसतं. वाजवणाऱ्याला हे सोनं आहे. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी गिटार शिकत असेल तर त्याला एकदा तरी पुढे न्यायलाच हवं. शेवटी भिरकावलेले गिटारचे पिक (तारा छेडायच्या चकत्या), ड्रमच्या काठ्या, टेपने स्टेजला चिकटवलेली गाण्यांची यादी हे सगळं पुढच्या दोन रांगांतच पडतं. आणि तिथे उभी असलेली माणसं एकही शब्द न चुकता गातात. ज्या बँडने तुम्हाला कठीण दिवसांत तगवलं, त्याच्यासमोर तसं गाणं ही गोष्ट मागून होत नाही. मी ती कधीच कमी लेखणार नाही.

उंचीने लहान असलेल्यांसाठी तर बॅरिकेड हीच सपाट मैदानावरची एकमेव नीट दिसणारी जागा असते. एक रांग मागे सरकलात की पुढे फक्त पाठी. चढ असेल तर प्रश्न सुटतो. स्टेज फार उंच असेल तर मात्र पुढूनही ड्रमर दिसत नाही, मॉनिटरच्या, म्हणजे वाजवणाऱ्यांसाठी स्टेजच्या कडेला ठेवलेल्या स्पीकरच्या, मागे तो बुडतो. प्रकाशयोजना पुढून जवळजवळ कळतच नाही. ती चालवणारा माणूसही साउंड डेस्कपाशीच बसलेला असतो आणि त्याला जे चित्र दिसतं त्यासाठीच ती रचलेली असते.

या दोन जागांच्या मधला पट्टा, बॅरिकेडपासून पाच-सहा रांगा सोडून मैदानाच्या पुढच्या एक तृतीयांश भागापर्यंत, मॉश पिटसाठी आहे. पिट हवा असेल तर जरूर जा, बुटांच्या नाड्या घट्ट बांधून. नको असेल तर तिथे चुकूनही थांबू नका. ना दिसत, ना ऐकू येत, आणि कोपर मात्र लागतात.

ग्रुपचा दिवस

माझा कल डेस्ककडे झुकतो तो खरं तर आवाजापेक्षा इथे. बॅरिकेड दोघा-तिघांचं असतं. सहा-सात जण एकत्र तिथे टिकतच नाहीत. एकाला पाणी लागतं, दुसऱ्याला स्वच्छतागृह, आणि बाहेर गेलेला परत पुढे येणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे लोक तासन्‌तास तहान मारून उभे राहतात, आणि मुख्य बँड येईपर्यंत अर्धे गळून जातात. गर्दीच्या लाटेत हात सुटले की मग प्रत्येक जण एकटाच कॉन्सर्ट बघतो. डेस्कमागे गाण्यांच्या मध्ये बसता येतं, बोलता येतं, नाचायला जागा असते. आवडत्या गाण्याचा पहिला रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) लागला की मित्राच्या तोंडाकडे बघायचं, त्यालाही तेच आठवतंय हे कळतं. मला सोबत जाण्यातलं हेच हवं असतं.

मोबाइलवर विसंबू नका. एवढ्या गर्दीत नेटवर्क कोलमडतं, 'कुठे आहेस' हा निरोप कॉन्सर्ट संपल्यावर पोहोचतो. आधीच जागा ठरवा: 'साउंड डेस्कचा डावा मागचा कोपरा, प्रत्येक बँड संपल्यावर'. मुख्य गेट ही भेटायची जागा ठेवू नका, सगळं मैदान तिथेच लोटतं.

सगळ्यांचं समाधान करणारी एक वाटणीही आहे, आणि आमच्यात ती बहुतेक वेळा चालते. दुपारच्या पहिल्या बँडला सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. तेव्हा पुढे ऐसपैस असतं, नव्या बँडला समोर चेहरे दिसले तर तेही जीव तोडून वाजवतात, आणि जवळून बघायची हौस फिटते. दुसरा बँड संपत आला की कडेकडेने मागे यायचं, पाणी प्यायचं, डेस्कमागची जागा धरायची. त्या वेळेला सगळे पुढे जात असतात, म्हणून मागे जागा मिळते.

याला माझा अपवाद एकच. बँड तुमच्या आयुष्यातला असेल, पुन्हा कधी येईल याची खात्री नसेल, सोबत फक्त एक-दोन जण असतील आणि मैदानाची व्यवस्था वर सांगितल्यासारखी धड असेल, तर बॅरिकेड धरा. गेट उघडल्यावर मात्र धावू नका. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत 3 डिसेंबर 1979 ला द हू या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरीत जी अकरा माणसं दगावली ती स्टेजसमोर नव्हती, दाराबाहेर होती. जागा आरक्षित नव्हत्या, दारं कमी उघडली होती आणि प्रत्येकाला आधी आत शिरायचं होतं. जागेवर पोहोचलात की लगेच बाहेर पडायचा सगळ्यात जवळचा कडेचा रस्ता बघून ठेवा. कार्यक्रम संपल्यावर पुढचे लोक सगळ्यात शेवटी बाहेर पडतात, तेव्हा डेस्कमागच्या मित्रांना तेवढा वेळ थांबायला आधीच सांगून ठेवा.