१२३४५६७८९८७६५४३२१ साठी पारी/जीपी वापरून पाहिलं

मी डोंबिवलीत नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. १११११११११ चा वर्ग फळ्यावर केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ बघून मुलं हरखतात. देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. हे नाव तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या स्टेशनवरून आलंय, आणि ते डेम्लो म्हणजे आमचीच डोंबिवली. म्हणून या संख्येवर माझा जरा जास्तच जीव आहे.

तिचे गुणधर्म मुलांना दाखवायचे होते. सायंटिफिक कॅल्क्युलेटरने दहाच अंक दाखवले, बाकीची संख्या दहाच्या घातात गेली. स्प्रेडशीटने तर शेवटच्या २१ चे ०० करून टाकले. विषम संख्या सम झालेली मला बघवेना. मग लॅपटॉपवर पारी/जीपी घेतलं. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात तयार झालेला हा अंकगणिताचा प्रोग्रॅम फुकट मिळतो.

अवयव पाडायची आज्ञा दिली आणि लगेच उत्तर आलं: ३ चा घात ४, ३७ चा घात २, ३३३६६७ चा घात २. यातलं अर्धं मी आधी हाताने केलं होतं. १११ गुणिले १००१००१ इथवर सोपं आहे, पण ३३३६६७ मूळ आहे हे पटवायला ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. विभाजक निघाले ४५. विषम, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं तर बाकी शून्य, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ही हर्षद संख्या, आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी, आणि ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचंच! वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, “मॅडम, नऊऐवजी दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर?” करून पाहिला. १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचा आला, उलटसुलट सारखेपणा गेला. अंकांची बेरीज झाली ८२, आणि विषम संख्येला ८२ ने भाग कुठला जायला! हर्षदपणही गेलं. ही पडझड एकोणीसही अंक नीट दिसतात म्हणूनच मुलांना कळली.

सवय मात्र करावी लागते. बटणं नाहीत, आज्ञा टाईप करायच्या. ओळीच्या शेवटी अर्धविराम पडला तर उत्तर दिसतच नाही, त्यात माझी पहिली संध्याकाळ गेली. संख्या उलटी वाचून तीच येते का हे तपासायला अंक सुटे करणं, उलटवणं आणि जोडणं अशा तीन आज्ञा एकात एक बसवल्या. माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून मुलांसाठी मी आठ आज्ञा मराठी अर्थासह वहीत उतरवून दिल्या आहेत. तेवढ्यावर ती आता आपापल्या जन्मतारखा फोडत बसली आहेत.