शंभर लिटरची टाकी साडेतीन बादल्यांत भरली

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पक्कं बिल नाही. बिल का नाही, तेही सांगते.

लेकीच्या वाढदिवसाला फिश टँक आणायचं कबूल करून बसले होते. दुकानदाराचं बोलणं लाघवी. "ताई, ही दोन फुटी टाकी घ्या, शंभर लिटरची. पंप, फिल्टर, लाईट, खडे सगळं त्यातच आलं." सगळं मिळून 4,500. पक्कं बिल नको म्हटलं तर 400 कमी. मी बिल नको म्हटलं. वर एक प्लास्टिकचा पाणबुड्या फुकट मिळाला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, पण त्या वेळी मला नुसता पाणबुड्याच दिसत होता.

मासे कधी न्यायचे, विचारलं. "आज पाणी भरा, उद्या या. ही दोन औषधं टाकली की चोवीस तासांत टाकी रेडी." एक निळी बाटली, पाण्यातले जंतू मारायला. दुसरी पांढरट, तिच्यावर नुसतं 'बॅक्टेरिया' असं स्टिकर, चांगले जंतू सोडायला. दोन्ही एकदमच टाकायच्या! एक बाटली जंतू मारणार आणि दुसरी सोडणार, हे मी उभ्या उभ्या ऐकलं, मान डोलावली आणि पैसे दिले. बाटलीवर ना बनवल्याची तारीख, ना संपायची.

घरी बाथरूममधली 15 लिटरची बादली घेऊन भरायला लागलो. चौथी बादली अर्धी झाली आणि टाकी काठोकाठ. साडेतीन बादल्या, म्हणजे जेमतेम 52 लिटर. मला वाटलं, बादलीच मोठी असेल. आता हिशेब पाठ झालाय: लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणायची आणि 28 ने गुणायचं. दोन बाय एक बाय एक म्हणजे फार तर 56 लिटर, त्यात खडे आले की आणखी कमी. औषधाचा डोस मात्र त्यानं शंभर लिटरचा सांगितला होता, म्हणजे निळं औषध दुप्पट पडलं.

दुसऱ्या दिवशी अकरा मासे आणले. दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा, तीन मॉली. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि त्याची घाणही फार, त्याला टेट्राच्या पंगतीला बसवूच नये, हे दुकानदाराला ठाऊक नसेल असं मी तरी मानत नाही.

चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मासे पंपाच्या बुडबुड्यांपाशी वर येऊन तोंड वासत होते, कल्ले भराभर हलत होते. सकाळी दोन टेट्रा खड्यांवर आडवे. लेकीनं आधी विचारलं, "झोपलेत का?"

दुकानात गेले तर चोराच्या उलट्या बोंबा. "ताई, तुम्ही खाणं जास्त घातलंत." मग सल्ला: सगळं पाणी बदला, स्पंज नळाखाली पिळून पिळून धुवा, आणि आणखी एक बाटली घ्या. मी तिन्ही केलं. नवव्या दिवशी एकच गोल्डफिश उरला. "माल कमजोर होता, नवीन माल आलाय." असं तीनदा झालं. टाकीचे पैसे वेगळे, नुसते मासे आणि बाटल्या 3,200 रुपयांच्या झाल्या.

समोरच्या इमारतीतले एक काका तीस वर्षं मासे पाळतात. त्यांनी परीक्षानळीत पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले, पाच मिनिटं थांबले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गडद हिरवं झालं. "अमोनिया," ते म्हणाले. "आजार वगैरे काही नाही गं. आपल्याच घाणीत मेले बिचारे."

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात कमी आणि स्पंजवर, खड्यांवर जास्त वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. यालाच टाकी सायकल होणं म्हणतात. मी दर वेळी नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं स्पंज धुऊन जी काय थोडी वस्ती बसत होती तीही उठवत होते, आणि माझी पुढची फेरी दुकानदाराच्या गल्ल्यात जमा होत होती.

मग मला चेव आला. दोन बादल्या घेतल्या. पाणी एक दिवस उघडं ठेवून दोन्हींत, माशांच्या अमोनियाच्या जागी, चिमटीभर नवसागर टाकला. कल्हईवाल्याकडचा तोच, म्हणजे अमोनियम क्लोराईड, पण मी प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणला. दोन्हींत पंपाच्या हवेचे बुडबुडे काढणारा दगड सोडला. एकीत ती 'बॅक्टेरिया'ची अर्धी बाटली, दुसरीत काकांच्या जुन्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा. तिसऱ्या दिवशी स्पंजच्या बादलीतलं पाणी तपासलं तर पिवळं. बाटलीची बादली दहाव्या दिवशीही हिरवीगार. चांगल्या कंपनीच्या जिवाणूंच्या बाटल्या असतात, त्यांना नावं ठेवत नाही. पण हे जिवाणू बियांसारखे सुकून तग धरणाऱ्यांतले नाहीत, तेव्हा तारखेशिवाय उन्हातल्या फळीवर महिनोन् महिने पडलेल्या बाटलीत जिवंत काय उरणार?

दोन्ही नळ्यांचे फोटो घेऊन दुकानात गेले. त्यानं फोटो पाहिलेही नाहीत. "बिल आहे का, ताई?" ग्राहक हेल्पलाईनचा 1915 नंबर मोबाईलमध्ये काढून ठेवला होता, पण दाखवायला हातात काय, तर आकडे खरडलेली एक चिठ्ठी. 400 रुपये वाचवले होते ना मी!

टाकी नव्यानं लावली. काकांचा स्पंज, 50 लिटरला पाव ग्रॅमहून थोडा जास्त नवसागर, आणि मासा एकही नाही. लेक रोज शाळेतून आली की थेंब मोजून टाकायची आणि कॅलेंडरवर रंग भरायची: अमोनियाच्या नळीचा हिरवा, मग नायट्राइटच्या नळीचा जांभळा. सतराव्या दिवशी आदल्या रात्री घातलेला नवसागर सकाळपर्यंत दोन्ही नळ्यांतून नाहीसा झाला. तरी काकांनी आणखी आठवडाभर थांबवलं. मग सहा गप्पी आणले, दुसऱ्या दुकानातून, बिलासकट. आता किती आहेत ते मोजायला गेलं की पिल्लं वनस्पतींत घुसतात आणि आकडा चुकतो. पाणबुड्या तेवढा काढून टाकलाय, त्याचा रंग पाण्यात उतरत होता.