लिचेसचं 'स्टडी' : पोझिशन शिकायला उत्तम, पण इंजिनचं बटण आधी बंद करा

लिचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, हे नव्याने सांगायला नको. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशकात बुद्धिबळाच्या क्लासला जाणारी बरीच पोरं त्यावर खेळतात. पण वापर होतो तो ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) आणि पझल्सचाच (तयार पोझिशनमध्ये अचूक चाल शोधण्याची कोडी). पोझिशनची समज वाढवायला ही दोन्ही तोकडी पडतात. पझलमध्ये उत्तर आहे हे आधीच ठाऊक असतं. डावात अठराव्या चालीला 'इथे काहीतरी आहे, शोध' असं कोणी कानात सांगत नाही. बऱ्याचदा तिथे काही नसतंच. हत्ती कुठल्या पट्टीवर न्यायचा, एवढाच प्रश्न असतो.

त्यासाठी 'स्टडी' वापरावं, म्हणजे डाव आणि पोझिशन टिपणांसकट साठवायची लिचेसवरची वही. एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात. पट मांडून, पीजीएन (डावाच्या चालींची लेखी नोंद) चिकटवून किंवा खेळलेल्या डावाची लिंक टाकून चॅप्टर सुरू करता येतो. चॅप्टर बनवताना अ‍ॅनालिसिस मोडमध्ये 'हाइड नेक्स्ट मूव्ह्ज' निवडलं की पुढच्या चाली झाकल्या जातात. मास्टरांचे डाव असेच बघावेत: थांबायचं, आपली चाल ठरवायची, मग पुढची उघडायची. विदितने २०२४ च्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) दुसऱ्या फेरीत अमेरिकेच्या नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवलं, तो डाव काळ्याने एच३ वर उंटाचा बळी देण्याआधी थांबवून बघा. उंटाच्या बदल्यात काय मिळतंय, हे शब्दांत लिहिता आलं पाहिजे.

आता इंजिनची, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमची, अडचण. क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीचा एक्स्चेंज प्रकार घ्या: डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, सी प्याद्याने डी५ मारलं, ई प्याद्याने परत मारलं. काळ्याने सी६ केलं की रचना ठरली. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी, काळ्याची तीन. तरी चालून जातो पांढराच: हत्ती बी१, मग बी४, ए४, बी५. सी६ वर मारामारी होऊन काळ्याने बी प्याद्याने परत मारलं, की सी६ चं प्यादं मागे राहतं आणि सी पट्टीवरून पांढऱ्याचे हत्ती त्याच्यावर बसतात. काळ्यानेच बी५ मारलं तर डी५ एकटं पडतं. म्हणून काळा तिकडे नुसता बचाव करत बसत नाही; घोडा ई४ वर आणून राजाच्या बाजूला खेळ उभा करतो. इंजिन लावलं की यातलं काहीच दिसत नाही, पांढऱ्याला किंचित बरं असल्याचा, प्याद्यांत मोजलेला आकडा तेवढा दिसतो. इंजिनने सुचवलेल्या चालींच्या तीन ओळी उघडल्या तर त्यांत किरकोळ फरक, आणि पोरगं वरची ओळ पाठ करून मोकळं.

म्हणून क्रम असा ठेवा. १५+१० (पंधरा मिनिटं, शिवाय दर चालीला दहा सेकंद) किंवा त्याहून लांब डाव घ्या. ज्या दोन-तीन ठिकाणी डावात जास्त वेळ गेला तिथे थांबून कमेंटमध्ये लिहा: कोणाचा राजा उघडा, कोणतं प्यादं कमजोर, माझं सर्वांत निकामी मोहरं कोणतं, आणि समोरच्याला काय करायचंय. शेवटचा प्रश्न हमखास गाळला जातो. मग बरोबरी की कोणाला बरं, त्याची खूण लावा. इंजिन त्यानंतर. अंदाज एका प्याद्याहून जास्त चुकला असेल तर बहुधा टॅक्टिक (मोहरं किंवा डाव जिंकून देणारी दोन-चार चालींची युक्ती) नजरेतून सुटलेलं असतं. ते वेगळं दुखणं. अर्ध्या प्याद्याच्या आसपासचा फरक असेल तिथे समजेची चूक सापडते. ती पोझिशन 'प्रॅक्टिस विथ कॉम्प्युटर'मध्ये दोन्ही बाजूंनी खेळून बघावी.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी तपासा. 'कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस' कोणाला दिसावं ते ठरवता येतं. क्लासच्या सरांनी स्टडी बनवलं असेल तर ते फक्त स्वतःपुरतं ठेवावं, नाहीतर गृहपाठ इंजिनच करतं. दुसरं, व्हिजिबिलिटी 'पब्लिक' राहिली तर स्पर्धेची तयारी कोणालाही वाचता येते. 'इन्व्हाइट ओन्ली' करा.

कमेंट लिहायला मोबाइल अगदीच त्रासाचा, लॅपटॉप हवा. आणि लिहिलेलं बरोबर की चूक, हे स्टडी सांगत नाही. आठवड्याला एक चॅप्टर तरी सरांना किंवा वरच्या बॅचच्या दादाला दाखवावा. ज्यांचं दोन-तीन चालींत मोहरं फुकट जात असेल, त्या पोरांनी सध्या पझल्सच सोडवावीत.