वायनरी टूर, सोबत माळकरी मामा – साडेतीन स्टार

आधीच सांगते, वायनरीचं नाव लिहिणार नाहीये, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या त्यांच्या एकट्याच्या नाहीत, अख्ख्या धंद्याच्या आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला, नाशिकपासून अर्ध्या-पाऊण तासावर, छोटीशीच, वर टेस्टिंग रूम आणि खाली बाग, एवढ्यावर भागवा.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, गुरुवार, मी, नवरा आणि मामा. मामा निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, वय अडुसष्ट, गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे पिण्याबिण्याचा प्रश्नच नाही, पण हट्ट त्यांचाच होता, म्हणे माझ्या मालाचं काय करणार होते ते एकदा आतून बघायचंय. "करणार होते" का, ते पुढे येतंच. आणि माझं पोट चालतं क्लस्टरचे डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) लिहिण्यावर, म्हणजे अमुक तालुक्यात हळद, तमुक तालुक्यात काजू, तिथे कॉमन फॅसिलिटी सेंटर दाखवा, मशीनची कोटेशनं जोडा, बँकेत चार चकरा मारा, असलं काम. त्यामुळे मी निम्मी सुट्टीवर आणि निम्मी ड्युटीवर होते हे मान्य.

तिकीट माणशी ६०० रुपये, त्यात टूर आणि ५ वाइनचं टेस्टिंग. मामांचेही पूर्ण ६०० घेतले, न पिणाऱ्यांसाठी वेगळं तिकीट नाही म्हणाले, बरं मग ज्यूसचा ग्लास तरी द्या तर म्हणे ज्यूस आम्ही ठेवत नाही, कोल्डड्रिंक आहे. द्राक्षाच्या कारखान्यात द्राक्षाचा रस नाही, बोला आता. अर्धा स्टार इथेच कापला.

टूर मात्र छान झाली आणि त्याचं सगळं क्रेडिट गाइड पोरीला. गिरणाऱ्याची पोरगी, सुरुवात इंग्लिशमध्ये पाठ केल्यासारखी केली पण मामांनी "बाई, मराठीत सांग ना" म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला, मग काय सुटलीच. स्टीलच्या टाक्या, आंबताना रस तापतो म्हणून बाहेरून थंड पाण्याचं जॅकेट, लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून रंग येतो, पांढरीचा रस आधीच काढून घेतात. मामांनी विचारलं, म्हणजे काळ्या द्राक्षाची साल लगेच बाजूला केली तर पांढरी वाइन होईल का? ती म्हणाली, हो काका, होते. आमच्यासोबत मुंबईचा आठ जणांचा ग्रुप होता, त्यांना हा प्रश्न सुचला नव्हता, ते ओकच्या पिंपांसमोर फोटो काढत होते.

इतिहासही तिने थोडक्यात सांगितला. राजीव सामंत अमेरिकेतून शिकून आले, १९९७ ला इथे वाइनची द्राक्षं लावली, २००० ला त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन आली, मग २००१ ला राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण काढलं, महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या वाइनला एक्साइज माफ, नाशिकमध्ये विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क. मामा मध्येच म्हणाले, विंचूरचा बोर्ड लागला तेव्हा मी मोटारसायकलवर बघायला गेलतो.

टाक्यांनंतर बागेत नेतात. बाग म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चार रांगा, पाट्याबिट्या लावून. मामांनी शिराझच्या घडातला एक मणी तोडला (तोडू नका अशी पाटी आहे, ती त्यांनी वाचली नाही किंवा वाचली आणि सोडली), चावला, बिया तळहातावर काढल्या आणि उन्हात धरून बघत बसले. म्हणाले, बी तपकिरी झालीय पूर्ण, परवापर्यंत ही रांग काढली पाहिजे. गाइड म्हणाली, सर तर पुढच्या आठवड्यात म्हणतायत. मामा म्हणाले, म्हणू दे.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो त्या टूरमध्ये बहुतेक कोणी विचारत नसावं, शेतकऱ्याला किलोला काय देता? पोरगी गडबडली, म्हणाली काका मला माहीत नाही पण विचारून येते, आणि खरंच आत जाऊन आली. उत्तर काय तर जातीवर आणि शुगरवर अवलंबून असतं, करार असतो. मामा नुसते हसले. मला हळूच म्हणाले, थॉमसनला (खायचं बिनबियांचं द्राक्ष) १८ शुगर आली की मी गाडी भरतो, वाइनच्या द्राक्षाला २३ पाहिजे, म्हणजे अजून पंधरा दिवस बाग टांगून ठेवायची आणि त्या पंधरा दिवसांत अवकाळी आला तर तो माझा, त्यांचा नाही.

टेस्टिंग. पाच वाइन, प्रत्येकी दोन घोट होतील इतकी. चेनिन ब्लांक आवडली, सोव्हिन्यॉन ब्लांक ठीक, रोझे गोडसर म्हणून नवऱ्याला आवडली, शिराझ बरी, कॅबरने माझ्या जिभेला तुरट. यापेक्षा जास्त मला कळत नाही आणि कळल्यासारखं लिहिणारही नाही. मामांच्या वाटणीची आम्ही दोघांनी संपवली. फक्त शेवटचा कॅबरनेचा ग्लास त्यांनी हातात घेतला, नाकाजवळ नेला, बराच वेळ धरला आणि खाली ठेवला. म्हणाले, हाच वास. आमच्या शेडमध्ये हाच यायचा, गाडी आली नाही तेव्हा, चौथ्या दिवशी.

तर ती गोष्ट अशी. २००६ ला मामांनी दीड एकर कॅबरने, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष, लावली, एका कंपनीशी करार करून, भाव कागदावर ठरलेला. गावात तेव्हा सगळ्यांनाच ती हवा होती. २००८ ला पहिला पूर्ण माल गेला, पैसे उशिरा पण आले. त्याच वर्षी मंदी, मग २६ नोव्हेंबरचा हल्ला, मुंबईची हॉटेलं ओस, वाइन उठेना. २००९ च्या सीझनला माल काढून क्रेटमध्ये भरला आणि गाडीच आली नाही, फोन लागेना. आता तुम्ही म्हणाल मार्केटला न्यायचा, तर वाइनचं द्राक्ष बाजारात कोण घेणार, मणी बारीक, साल जाड, आत बिया, बेदाणाही होत नाही त्याचा. मामांचं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, थॉमसनला तीन दारं असतात, एक्स्पोर्ट, लोकल आणि बेदाणा, एक लागलं तर दुसरं उघडं, या बाईला एकच दार आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. २०१० ला वरची कॅबरने छाटली, खालचा डॉगरिज जातीचा मुळांचा खुंट तसाच ठेवला आणि त्यावर परत थॉमसनचं कलम केलं.

आणि नशीब बघा, त्याच २०१० ला क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून नाशिकच्या द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले. मामांच्या बाकीच्या थॉमसनलाही फटका बसला, भाव पडला, शिव्या दिल्या, कर्ज वाढलं, पण माल गेला, थोडा लोकलला, थोडा रॅकवर बेदाण्याला. शेडमध्ये वास नाही सुटला. निर्यातीच्या बागेला अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंद लागते, प्रत्येक प्लॉटचा नंबर, काढणीआधी रेसिड्यूची, म्हणजे औषधांच्या अंशांची, तपासणी, हे कुठल्याच टूरमध्ये दाखवत नाहीत कारण त्याच्यासमोर सेल्फी चांगला येत नाही. पण या जिल्ह्याची खरी हुशारी बघायची तर मला विचाराल तर तिथे आहे, आणि दिंडोरीतल्या मोहाडीला सह्याद्री फार्म्समध्ये आहे, जिथे शेतकऱ्यांचीच कंपनी द्राक्षासोबत टोमॅटोवरही प्रक्रिया करते.

आता माझी ड्युटीवाली निम्मी बाई बोलणार, दोन मिनिटं सहन करा. आपल्या भागाची खरी हुशारी ओळखून तिथेच पैसा लावायचा, युरोपात याला स्मार्ट स्पेशलायझेशन म्हणतात, २०१४ पासून तिथे नियमच होता की प्रत्येक प्रदेशाने आधी ठरवायचं आपण कशात खरंच भारी आहोत, तेही सरकारने एकट्याने बसून नाही, धंदेवाले, युनिव्हर्सिटी, स्थानिक लोक सगळ्यांनी मिळून, आणि मगच संशोधनाचा विकासनिधी मिळणार. आपल्याकडे एक जिल्हा एक उत्पादन ही योजना आली, आम्ही डीपीआरवाले लगेच जिल्ह्याच्या नावापुढे एक फळ लिहून मोकळे. पण त्या युरोपवाल्या कल्पनेतला महत्त्वाचा भाग "एकच पकडा" हा नाहीये, जे येतं त्याच्या शेजारचं जोडत जा हा आहे, म्हणजे मामांच्या भाषेत दारं वाढवा. नाशिकच्या वाइनला पुढे दुसरं दार मिळालं, पर्यटनाचं, पण ते २००१ च्या कागदावर मला तरी ठळक दिसत नाही. धोरणाने मागितला होता कारखाना, आणि वाइनरीला पैसा दाखवला वीकेंडच्या माणसाने. सुलाने २००५ ला टेस्टिंग रूम काढली, मग बाकीचे आले, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ ला सुरू झाल्यावर मुंबईकर अजूनच जवळ आला. गिरणाऱ्याच्या पोरीला घराजवळ पगार मिळतोय तो या दारामुळे, आणि तो खरा पगार आहे, त्याला मी नाक मुरडणार नाही.

तिसरं दार उघडता उघडता राहिलं. जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि ते तिथेच अडकलं. मामांना विचारलं तर म्हणाले, माळ घातलेला माणूस म्हणून सांगतो किराणा दुकानात नको, बागायतदार म्हणून विचारशील तर उद्या ये.

आता जेवण, आणि इथे मात्र मी दीड स्टार कापलाय. चीज प्लॅटर ९५० रुपये. लाकडी फळीवर चार प्रकारचं चीज, बिस्किटं, अक्रोड आणि मध्ये लाल-लाल काहीतरी सुकलेलं. मामांनी चिमटीत धरून विचारलं हे काय? वेटर म्हणाला क्रॅनबेरी सर, अमेरिकेची. मी म्हटलं अहो बेदाणे नाहीत का, तर म्हणे ते प्लॅटरला शोभत नाहीत मॅडम. दहा किलोमीटरवर बागा, निफाडला मामांच्या घरी पोतंभर बेदाणा पडलाय, आणि प्लॅटरवर क्रॅनबेरी. मेनूत पिझ्झा, पास्ता, नाचोज. नागलीचं काही नाही, शेव नाही, पापड नाही. कोणी म्हणेल एवढंसं तर आहे, पण माणशी एक मूठ बेदाणा धरला तरी वर्षाचा हिशोब काढा की, मी डीपीआरमध्ये यापेक्षा फालतू गोष्टीचा काढलाय.

बाकी टॉयलेट स्वच्छ, पार्किंग फ्री, वर चढायला पायऱ्या आहेत त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी खालच्या गेटने गाडी वर न्यायला सांगा, सोडतात. शनिवार-रविवारी जाऊ नका. जेवण नाशिकमध्ये मिसळ खाऊन आटपून घ्या. बुकिंग फोनवर करा, ऑनलाइनला आमचे पैसे दोनदा कापले गेले आणि आठ दिवसांनी परत आले. बाटली घेणार असाल तर चेनिन.

निघताना गाडी काढतोय तेवढ्यात ती गाइड पोरगी पार्किंगमध्ये पळत आली, म्हणाली काका, वाइनमेकर सर विचारतायत, ती रांग कधी काढायची म्हणालात? मामा म्हणाले, परवा. सकाळी, ऊन चढायच्या आत.

त्याच्यावर तीनाचे साडेतीन केले.